रोहिणी, रोहित आणि एक संशयित ग्रह

प्रश्न: रोहिणी ताऱ्याभोवतीच्या ग्रहाला कुणी 'बहिर्ग्रह' लिहितं, कुणी 'परग्रह'. बरोबर काय?

दोन्ही नकोत. बहिर्ग्रह हा शब्द आधीच अडकलेला आहे. पृथ्वीच्या कक्षेबाहेरून सूर्याभोवती फिरणारे मंगळ, गुरू, शनी हे बहिर्ग्रह, बुध-शुक्र अंतर्ग्रह. परग्रह म्हणजे पृथ्वी सोडून कुठलाही. त्यात मंगळही आला. तरी बातम्यांत हे चालूच! 'सौरमालेबाहेरचा ग्रह' लिहा. एकदा लिहिलं की पुढे नुसतं 'ग्रह' पुरतं.

खरी गंमत रोहिणीत आहे. रुह् म्हणजे उगवणं, रोहिणीच्या पावसावर बी रुजतं म्हणून रोहिणी, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तैत्तिरीय ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ तर म्हणतो, देवांनी रोहिणीवर अग्नी स्थापला आणि ते सगळे 'रोह' म्हणजे चढ चढून गेले, म्हणून ती रोहिणी. कथा छान, पण ब्राह्मणग्रंथांतल्या व्युत्पत्त्या कथेच्या सोयीने येतात. त्यापेक्षा पाणिनीला विचारा. ठरावीक तकारान्त रंगवाचकांना स्त्रीलिंगात ई लागते आणि त चा न होतो: श्येत–श्येनी, हरित–हरिणी, रोहित–रोहिणी. (मागच्या र मुळे न चा ण.) रोहित म्हणजे तांबडा. र चा ल केला की लोहित. रोहू मासाही मुळात रोहितच. ज्या घरात भाऊ रोहित आणि बहीण रोहिणी, तिथे आईवडिलांनी एकच नाव दोनदा ठेवलं आहे. आणि 'रोहीणी' लिहू नका, हि ऱ्हस्व आहे.

हिवाळ्यात कृत्तिका आणि मृग यांच्यामध्ये नजर टाका, व्युत्पत्ती डोळ्यांनी दिसते. हा तांबूसपणा उतारवयाचा आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपला की भोवतीच्या थरात ज्वलन चालू राहतं आणि तारा फुगतो. रोहिणीची त्रिज्या आज सूर्याच्या सुमारे ४४ पट आहे. पसरलेला पृष्ठभाग निवून ३,९०० केल्विनच्या आसपास आला आहे. सूर्याचा ५,८०० च्या जवळपास आहे. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी नकळत वयच नोंदवलं!

राहता राहिला ग्रह. 'सापडला' हे क्रियापदही घाईचंच. ताऱ्याच्या वर्णरेषा (त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा) सुमारे ६२९ दिवसांच्या तालात मागेपुढे सरकतात. फिरणारा ग्रह ताऱ्याला ओढून असं करू शकतो, त्यावरून २०१५ मध्ये गुरूच्या किमान साडेसहा पट वस्तुमानाचा ग्रह मांडला गेला. पण अशा फुगलेल्या ताऱ्याचा पृष्ठभाग स्वतःही वरखाली होतो आणि रेषा तशाच सरकवतो. ग्रह असेल तर ताल वर्षानुवर्षं चुकत नाही. २०१९ मध्ये आणखी निरीक्षणं जोडून पाहिली, तर ताल घसरलेला निघाला. तेव्हा बहिर् की पर हा वाद नंतर घाला, आधी 'संशयित' हे विशेषण लावा.