विद्यार्थ्याने केलेले डाउनलोड ग्रंथपालावर शेकेल का?

प्रश्न: मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या एका संशोधक विद्यार्थ्याने रात्रभर प्रोग्रॅम चालवून एका प्रकाशकाच्या ई-जर्नल्समधले हजारो लेख उतरवून घेतले. सकाळी अख्ख्या संस्थेचा अ‍ॅक्सेस बंद. आता प्रकाशकाने करारभंगाबद्दल लेखी खुलासा आणि विद्यार्थ्याचे नाव मागितले आहे. प्राचार्य म्हणतात, "तुमच्या विभागाचा विषय आहे, चूक कबूल करून मोकळ्या व्हा." भरपाई माझ्यावर येईल का?

उत्तर: मॅडम, कबुलीचे पत्र पाठवू नका. तयार असेल तर ते बाजूला ठेवा.

परवाना करार संस्था आणि प्रकाशक यांच्यातला असतो. सही तुमची असली, तरी ती संस्थेच्या नावाने आणि संस्थेने दिलेल्या अधिकारात केलेली असेल, तर कराराचे देणे तुमच्या खिशातून निघत नाही. म्हणून सही झालेली प्रत आणि अधिकार देणारा ठराव किंवा पत्र आजच शोधा. अटी ऑनलाइन स्वीकारल्या असतील, तर नूतनीकरणाच्या दिवशी लागू असलेला मसुदा हवा. संकेतस्थळावर आज दिसतो तोच तेव्हा होता असे धरून चालू नका.

आता कबुलीतला खरा धोका. तुम्ही लेख विकत घेतलेले नाहीत, वापराचा परवाना घेतला आहे. वर्गणी थांबवली तरी पैसे भरलेल्या वर्षांचे अंक पुढे वाचता येतील, अशी तरतूद बऱ्याच करारांत असते. पण काही करारांत तिला अपवाद असतो: संस्थेच्या करारभंगामुळे करार संपला, तर तो हक्कही जातो. "संस्थेची चूक झाली" हे एक वाक्य अनेक वर्षांच्या वर्गणीवर पाणी फिरवू शकते. प्राचार्यांना हे कलम समोर ठेवून वाचून दाखवा.

शिवाय ही चूक संस्थेची आहे का? ग्रंथालयांसाठीच्या अनेक नमुना करारांत म्हटलेले असते, की अधिकृत वापरकर्त्याने अटी मोडल्या, पण संस्थेने त्याला मुद्दाम मदत केली नाही आणि कळवल्यावर तो प्रकार चालू दिला नाही, तर संस्था जबाबदार नाही. तुमच्या करारात असे काही असेल, तर सगळा भर "कळवल्यावर काय केले" यावर येतो. त्या विद्यार्थ्याचे लॉगिन थांबवा आणि तारीख-वेळ नोंदवा. प्रॉक्सी सर्व्हरचे, म्हणजे वाचक ज्यातून प्रकाशकाच्या संकेतस्थळावर जातात त्या मधल्या संगणकाचे, लॉग (वापराच्या नोंदी) आपोआप पुसले जाण्याआधी जतन करा. प्रॉक्सीमार्फत आलेले सगळे वाचक प्रकाशकाला एकाच आयपी पत्त्यावरून आलेले दिसतात, त्यामुळे एकाच्या कृत्याने सगळ्यांचे दार बंद होते. कोणते सत्र कोणाचे, हे फक्त तुमचे लॉग सांगू शकतात.

नाव मात्र देऊ नका. करारात तसे स्पष्ट बंधन नसेल, तर "संबंधित वापरकर्ता ओळखला, प्रवेश थांबवला, समज दिली" एवढे पुरते. वाचकाची माहिती सांभाळणे हे तुमचे कर्तव्य आहे आणि माहिती-संरक्षणाचा कायदाही आड येऊ शकतो.

त्या मुलाशी शांतपणे बोला. लेख वाटण्यासाठी उतरवले की संगणकाकडून मजकुराचे विश्लेषण करून घेण्यासाठी? युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार, संशोधन संस्थांना कायदेशीररीत्या उपलब्ध असलेल्या साहित्याचे असे विश्लेषण रोखणारे कराराचे कलम चालत नाही. ब्रिटनमध्येही अव्यावसायिक संशोधनासाठी 2014 पासून तशी तरतूद आहे. तुमच्या कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू आहे, हे बहुधा शेवटच्या पानांवर असते. आधी तेच बघा.

खुलासा मुदतीत आणि संस्थेच्या पत्रशीर्षावर जाऊ द्या. त्यात अ‍ॅक्सेस पूर्ववत करण्याची आणि बंद राहिलेले दिवस वर्गणीच्या मुदतीत वाढवून देण्याची मागणी घाला. "करारभंग" हा शब्द तुमच्याकडून नको. "अनधिकृत प्रमाणात डाउनलोड झाल्याचे आढळले" असे लिहा. पाठवण्याआधी मसुदा मला दाखवा, सोबत करार संपुष्टात आणण्याबद्दलचे कलमही जोडा.