मासिकातला सराव आणि आपला रस्ता: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

धावण्याची परदेशी मासिके वाचून सराव करणाऱ्यांचे बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: एका अमेरिकन मासिकातले १८ आठवड्यांचे फुल मॅरेथॉनचे वेळापत्रक मिळाले आहे. जानेवारीत मुंबईला धावायचे आहे. हाफ (२१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन) मी २ तास २० मिनिटांत पूर्ण करतो. वेळापत्रक जसेच्या तसे पाळू का?
– एक वाचक, नाशिक

वेळापत्रक कोणत्या महिन्याच्या अंकातले आहे, ते आधी पाहा. अमेरिकेत मोठ्या मॅरेथॉनचे दोन हंगाम असतात. शिकागो ऑक्टोबरात, न्यूयॉर्क नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आणि बोस्टन एप्रिलमध्ये. जून-जुलैच्या अंकातले वेळापत्रक उकाड्यात सुरू होते आणि गारव्यात संपते. डिसेंबर-जानेवारीच्या अंकातले बर्फात सुरू होते, त्यात ट्रेडमिलचे दिवस जास्त असतात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १८ आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. परतीचा पाऊस, मग ऑक्टोबरचे ऊन, मग थंडी असा हा क्रम आहे. म्हणून तुम्हाला उन्हाळ्याच्या अंकातलेच वेळापत्रक जुळेल. जानेवारीचा अंक आपल्या जानेवारीसाठी असेल असे समजून अनेक जण नेमके दुसरे उचलतात.

दुसरी चूक मैलांची. तक्त्यात फक्त '८' लिहिलेले असते आणि वाचणारा आठ किलोमीटर धरतो. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. तोंडी हिशोबासाठी ३, ५, ८, १३, २१ ही साखळी लक्षात ठेवा: तीन मैल म्हणजे साधारण पाच किलोमीटर, पाच म्हणजे आठ, आठ म्हणजे तेरा, तेरा म्हणजे एकवीस. (हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदशास्त्रात मांडलेली हीच साखळी. तिच्यात लागोपाठच्या आकड्यांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जाते, म्हणून ती इथे चालते.) पेससाठी (एका किलोमीटरला किंवा मैलाला लागणारा वेळ) मात्र नीट भागाकार करा. मैलाला १० मिनिटे म्हणजे किलोमीटरला ६:१३, मैलाला ११ म्हणजे ६:५० आणि १२ म्हणजे ७:२७.

आता सगळ्यात महत्त्वाचे. या वेळापत्रकांत २० मैलांचे, म्हणजे ३२ किलोमीटरचे लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब धाव) असतात. तुमच्या हाफच्या वेळेवरून तुमचा लाँग रनचा पेस ७:३० च्या आसपास हवा. त्या पेसने ३२ किलोमीटरला चार तास लागतात. तीन तासांत हेच अंतर संपवणाऱ्याला जेवढा थकवा येतो, त्याहून तुमचा थकवा कितीतरी जास्त असेल. मग पुढचे चार-पाच दिवस वाया जातात, आणि नडगीची व गुडघ्याची दुखणी इथेच सुरू होतात. म्हणून लाँग रन किलोमीटरवर मोजू नका, वेळेवर मोजा आणि साडेतीन तासांवर थांबा. साधारण २८ किलोमीटर होतील, तेवढे पुरतात. असे मोठे रन दोनच करा, डिसेंबरमध्ये, आणि शेवटचा स्पर्धेच्या तीन आठवडे आधी.

बहुतेक वेळापत्रकांत दर चौथा आठवडा हलका असतो. तो सरकवून दिवाळीवर आणा. पहाटेचे अभ्यंगस्नान, फराळ आणि पाहुणे यांच्यात २५ किलोमीटर कोंबून बसवले की ते रन तर बिघडतेच, सणही जातो.

नाशिककरांसाठी आणखी एक. डिसेंबरच्या पहाटे तुम्ही कोरड्या थंडीत धावाल. मुंबईत पहाटे पाच वाजतासुद्धा हवा दमट असते. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तुम्हाला पाच तासांच्या आसपास लागतील, म्हणजे शेवटचा तास नऊनंतरच्या उन्हात आणि पेडर रोडचा परतीचा चढही तेव्हाच. नाशिकच्या थंडीत जमलेला पेस किलोमीटरला १५ ते २० सेकंदांनी सैल करूनच मुंबईत सुरुवात करा. डिसेंबरमधले दोन लाँग रन मुद्दाम उशिरा, सात वाजता सुरू करा.

प्रश्न: 'यासो ८००' केले. दहाही फेऱ्या ३ मिनिटे ५५ सेकंदांत झाल्या. म्हणजे मी मॅरेथॉन चार तासांच्या आत धावू शकेन ना?
– एक वाचक, कोल्हापूर

ही पद्धत ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: 'रनर्स वर्ल्ड' मासिकातल्या बार्ट यासो यांचा हा सराव. त्याच मासिकाचे ॲम्बी बरफूट (१९६८ च्या बोस्टन मॅरेथॉनचे विजेते) यांनी तो १९९४ मध्ये लेखातून प्रसिद्ध केला. ८०० मीटर दहा वेळा धावायचे आणि प्रत्येक दोन फेऱ्यांच्या मध्ये तितकाच वेळ हळू जॉग करायचे. ८०० ला जितकी मिनिटे-सेकंद लागतात, तितके तास-मिनिटे मॅरेथॉनला लागतील, असा त्याचा आडाखा.

सराव उत्तम आहे. भाकीत म्हणून तो उदार आहे. चार मिनिटांच्या धावेत साठवलेली साखर संपण्याचा प्रश्न येत नाही, तिसाव्या किलोमीटरनंतर मात्र तोच मुख्य प्रश्न असतो. आठवड्याला ७०-८० किलोमीटर धावणाऱ्याला आडाखा जवळपास लागू पडतो, तरी पाच मिनिटे वाढवून धरावीत. आठवड्याला ४०-४५ किलोमीटर असतील तर १५ ते २० मिनिटे वाढवा. तुमचा सराव एवढाच असेल तर तुम्ही ४:१० ते ४:१५ च्या तयारीने उतरा. ३:५५ च्या पेसने सुटलात तर शेवटच्या दहा किलोमीटरांत चालावे लागेल.

अंतर कसे मोजले, हेही तपासा. ४०० मीटरचा ट्रॅक फक्त पहिल्या लेनमध्ये ४०० असतो. चौथ्या लेनमध्ये एक फेरी सुमारे ४२२ मीटर भरते, म्हणजे ८०० चे ८४५ होतात. शाळेच्या मैदानावर छोट्या फेऱ्या असतील तर घड्याळातले जीपीएस वळणे कापते, म्हणून टेपने एकदा मोजून घ्या आणि दर दोन वेळा ८०० धावल्यावर दिशा बदला, नाहीतर एकाच घोट्यावर ताण येतो. मैदान नसेल तर सपाट रस्त्यावर ४०० मीटर जाऊन परत या. वारा आणि उतार आपोआप फिटतात. पहिल्याच दिवशी दहा करू नयेत. चारपासून सुरू करून दर आठवड्याला एक वाढवा आणि हा सराव शेवटचा स्पर्धेच्या दोन आठवडे आधी उरका.

प्रश्न: वय ५२. मासिकात 'सोपी धाव झोन २ मध्ये', म्हणजे नाडीचे ठोके हलक्या पट्ट्यात ठेवून, असे सतत लिहिलेले असते. मी कितीही हळू धावले तरी घड्याळ नाडी १५० च्या वर दाखवते. फक्त चालायचे का?
– एक वाचक, ठाणे

ताई, आधी झोन कुठून आला ते पाहू. नाडीच्या कमाल ठोक्यांसाठी बहुतेक घड्याळे २२० वजा वय हे सूत्र घेतात. तुमच्यासाठी १६८. दुसरे सूत्र आहे २०८ वजा वयाच्या ७० टक्के, ते १७२ देते. दोन्ही सरासरीची सूत्रे आहेत आणि प्रत्यक्ष माणूस त्यापासून १०-१२ ठोके सहज दूर असतो. तुमची खरी कमाल १८२ असेल तर १५० हा आकडा तितका वाईट नाही.

मग घड्याळ. मनगटावरचा सेन्सर पट्टा सैल असेल तर नाडीऐवजी पावलांची लय मोजतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट बांधा. दहा मिनिटांनी थांबून मानेजवळची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. दोन्ही आकडे जुळले तरच घड्याळावर विश्वास ठेवा. ठाण्याच्या दमट हवेत पेस तोच ठेवला तरी अर्ध्या तासानंतर नाडी दहाएक ठोक्यांनी चढते, कारण रक्त त्वचा थंड करायला वळते. थंड देशातल्या लेखकाने लिहिलेली मर्यादा जुलैच्या ठाण्यात पाळणे अवघडच.

त्यापेक्षा बोलून बघा. सतराचा पाढा धावता धावता मोठ्याने म्हणा. न अडखळता दहापर्यंत गेलात तर धाव सोपी आहे. 'सतरा चोक'लाच धाप लागली तर वेग कमी करा. चार मिनिटे धाव, एक मिनिट चाल असेही करा, त्यात कमीपणा नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच कमी राहते, त्या घेत असाल तर आकडे बाजूलाच ठेवा. छातीत दाब किंवा चक्कर जाणवली तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: प्रत्येक लेखात धावताना जेल (पाकिटातला गोड, घट्ट रस) घ्या म्हणतात. महाग पडते. ओआरएस चालेल का?
– एक वाचक, सातारा

पाणी आणि क्षारांसाठी चालेल, शक्तीसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते. एका जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि दीड तासापेक्षा जास्त धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. मध्यम केळे, २५ ग्रॅम गूळ किंवा मूठभर (३० ग्रॅम) मनुका म्हणजे साधारण एक जेल. शेंगदाण्याची चिक्की धावताना टाळा, तिच्यातल्या तेलाने पोट जड होते. घरचे पेय: अर्धा लिटर पाणी, ३० ग्रॅम साखर, पाव चमच्याच्या निम्मे मीठ, अर्धे लिंबू. यवतेश्वरच्या घाटात चढताना चावणे जमत नाही, तिथे हे पेयच बरे.

किती प्यावे, याचे उत्तर वजनकाट्यावर आहे. धावण्याआधी ६२.० किलो, दोन तासांनी ६०.९ आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात, तर घाम १.६ लिटर, म्हणजे तासाला ८०० मिली. तेवढे सगळे भरून काढायची गरज नसते, तहानेप्रमाणे प्या. वजन वाढून परत आलात तर मात्र पाणी जास्त झाले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले होते आणि वाटेत वजन वाढणे हे त्याचे मोठे कारण होते.

प्रश्न: नवा अंक आला की तीन दिवस जोरात पळतो. मग उत्साह संपतो. प्रेरणा टिकत का नाही?
– एक वाचक, लातूर

कारण दर अंकात नवे वेळापत्रक असते आणि तुम्ही दर महिन्याला सराव बदलता. मासिकाला दर महिन्याला काहीतरी नवे द्यावेच लागते. शरीराला मात्र एकाच प्रकारच्या सरावाचा परिणाम दिसायला सहा आठवडे तरी लागतात. एका अंकातून एकच गोष्ट घ्या, उदाहरणार्थ मंगळवारी २० मिनिटे टेम्पो (एकसारख्या, जरा जोराच्या वेगाने धावणे). ती वहीत तारखेसह लिहा आणि सहा आठवडे दुसरे काहीही आत येऊ देऊ नका. बाकीचे लेख वाचा, आवडले तर कात्रण ठेवा, पण सातव्या आठवड्यापर्यंत ते कात्रणच राहू द्या.

यशकथा वाचताना तीन गोष्टी शोधा: हा माणूस किती वर्षे धावतो आहे, आठवड्याला किती किलोमीटर आणि सकाळी घर कोण सांभाळते. बहुतेक कथांत तिसरी गोष्ट छापलेलीच नसते. तिची सोय आधी घरी बोलून करा. पहाटे पाचला उठणे त्यावरच अवलंबून असते. आणि अंक रविवारी लाँग रननंतर वाचा. शनिवारी रात्री वाचला की दुसऱ्या दिवशी पहिले पाच किलोमीटर हमखास वेगात जातात.

प्रश्न: बुटांच्या परीक्षणातला ९ नंबर आपल्याकडे बसेल का? पावसात भिजलेले बूट कसे वाळवायचे?
– एक वाचक, चिपळूण

पुरुषांचा अमेरिकन ९ म्हणजे आपल्याकडे चालणारा ब्रिटिश ८. तरी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहा आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. वाळवताना आतले सोल बाहेर काढा, बुटात कागदाचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला. ऊन किंवा हीटर नको, तळव्याचा फोम आणि चिकटवण सुटते. बोळ्यांसाठी रोजचे वर्तमानपत्र घ्या. मासिकाचा गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही.