दुसरं हवं की नको, त्याआधी अंतराचं बघ

तुझा प्रश्न वाचला. वय ३२, मुलगी १४ महिन्यांची, सिझेरियन झालेलं. सासूबाई म्हणतात पाठोपाठ होऊन जाऊ दे, म्हणजे मुलगाही होईल. नवरा म्हणतो एकच पुरे. आणि तुझं तुलाच कळत नाहीये. मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. तुझ्याएवढी सून आहे मला, म्हणून अगं-तुगं करतेय.

किती मुलं, हे आज ठरवायची गरजच नाही. आज ठरवायचं ते एवढंच, की सध्या दिवस राहू द्यायचे नाहीत आणि त्यासाठी काय वापरायचं. ते पक्कं झालं की बाकीचं ठरवायला निवांत वेळ मिळतो. कितीतरी घरांत मी बघितलंय, दुसरं मूल कुणी ठरवलेलंच नसतं. हो-नाही करता करता दिवस जातात.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे, की बाळंतपणानंतर निदान २४ महिने जाऊ द्यावेत आणि मगच पुढच्या गरोदरपणाचा विचार करावा. म्हणजे दोन मुलांत पावणेतीन-तीन वर्षं पडतात. त्याआधी दिवस राहिले तर बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. आणि आईचं काय होतं ते मी लसीकरणाच्या दिवशी बघायची. कडेवर एक, पदराला धरून एक अशी बाई आली, की मी आधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघे. लालसर दिसायला हवं तिथे पांढरंफटक. विचारलं तर म्हणे, "कायच नाय ओ बाई, कळशी उचलली की जरा दम लागतोय." अंगातलं लोह पहिल्या बाळंतपणातच संपलेलं, ते भरून यायच्या आत दुसरं पोटात. तुझं तर सिझेरियन आहे. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल आणि पुढचं नैसर्गिक करायचं म्हटलं, तर गर्भाशयावरचा जुना टाका उकलण्याचा धोका वाढतो.

वयाची घाई तुला नाही. लेक दोन वर्षांची झाल्यावर विचार केलास तरी पस्तिशीच्या आतबाहेर सगळं होतं. तू ३८ची असतीस तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा एवढं थांबणं परवडत नाही, डॉक्टरांशी बोलून अंतर थोडं कमी करावं लागतं.

आता काय वापरायचं. "अंगावर पाजतेय, मग कसे राहतील दिवस?" यावर विसंबू नकोस. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी सुरू झालेली नाही आणि बाळाला वरचं काहीही नाही, या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच ते खरं. तुझी लेक त्यातून केव्हाच बाहेर पडली आहे. पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं. तुझ्यासाठी मला तांबी बरी वाटते. पाच वर्षांची असते, दहा वर्षांचीही असते. मूल हवं झालं की काढायची, पुढे अडचण येत नाही. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन चांगलं आहे, पण बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, म्हणून वर्षभरात ज्यांचा विचार बदलू शकतो त्यांना मी ते सुचवत नसे. ही दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पाठची भावंडं एकत्र खेळतात, आईची ओढाताण एकदाच होते. पण त्यांच्या वेळी पोर घ्यायला घरात जावा-नणंदा होत्या. तुमच्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता दुसरं कोण उठणार, हे नवऱ्याबरोबर बसून नावानिशी ठरव. पाळणाघराची फी दोघांची धरून बघ. २६ आठवड्यांची पगारी रजा दुसऱ्या मुलालाही मिळते, पण खरी कसोटी त्यानंतर लागते. आणि बरोबर दोन वर्षांचं अंतर ठेवणाऱ्यांच्या घरी एकाची दहावी आणि दुसऱ्याची बारावी एकाच साली येते, हेही लक्षात असू दे.

मुलासाठी म्हणून मात्र दुसरं अजिबात नको. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरतं आणि दर खेपेला शक्यता जवळपास निम्मी-निम्मीच. त्या आशेवर चौथ्या खेपेला आलेल्या बायका मी बघितल्यात. दुसरी मुलगी झाली तरी तेवढाच आनंद होणार असेल, तरच पुढे जा. "पहिलीला सोबत" हे कारणही मला एकटं पुरेसं वाटत नाही. तुम्हा दोघांना ते मूल हवं असायला हवं.

नवऱ्याला एकच पुरे असेल तर तेही योग्यच आहे. पण मग उद्या ऑपरेशनची वेळ आली की तूच जायचं, असं धरून चालू नकोस. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा पुष्कळ सोपी. "जड काम जमत नाही मग" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. त्यात काही तथ्य नाही. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करायची.

या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घे, सिझेरियनचे कागद बरोबर ने आणि डॉक्टरांना तांबीबद्दल विचार. सासूबाईंना सांग, डॉक्टरांनी लेक दोन वर्षांची होईपर्यंत थांबायला सांगितलंय. घरातली बोलणी तेवढ्यापुरती तरी थांबतील.