लेबर रूमला पहिली ड्यूटी लागलेल्या मुलीसाठी

घाबरू नको गं, सुरुवातीला एवढंच पक्कं कर.

- बाळाला कोरडं पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर दे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर असला तरी कूलरसमोर ओलं बाळ गारठतंच. अंघोळ 24 तासांनंतर.
- पहिल्या तासातच चीक पाजायचा. आजी मधाचं बोट लावायला येईल. तिच्यावर ओरडू नको, शेजारी बसवून समजाव.
- पहिले 2 तास दर 15 मिनिटांनी आईच्या पोटावर हात ठेवून बघ. गर्भाशय टणक हवं. मऊ लागलं की चोळायला लाग आणि तिथूनच सिनियरला हाक मार, आईला सोडून जाऊ नको.

नवीन मुली बाळातच रमतात. रक्त आईच्या कंबरेखाली साचतं, वरून चादर स्वच्छ दिसते. कुशीवर वळवून बघच.

पार्टोग्राफ, म्हणजे कळा आणि प्रसूती कशी पुढे सरकतेय ते नोंदवायचा तक्ता, नंतर शिकवीन.