तार तुटल्यावर येणार कोण?

गावातल्या फायबर इंटरनेटबद्दल आलेल्या वाचकांच्या पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. उत्तरं देणारे दूरसंचार खात्यात लाइनमन म्हणून लागले, तांब्याच्या तारांपासून फायबरपर्यंतचं काम त्यांनी केलं आणि निवृत्तीनंतर ते रत्नागिरी जिल्ह्यात गावी राहतात.

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात फायबरची पेटी बसून बरीच वर्षं झाली. आमची वाडी तिथून तीन किलोमीटरवर, चाळीसेक घरांची. मुलगी इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घरी आली की लॅपटॉप घेऊन सड्यावर जाऊन बसते, कारण घरात रेंज नाही. पंचायतीत फायबर आहे तर वाडीला का मिळत नाही? मागायचं तरी कोणाकडे? (एक वाचक भगिनी, ता. संगमेश्वर)

उत्तर: ताई, ती पेटी मुळात पंचायतीपर्यंतच यायची होती. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं, तेव्हा उद्दिष्ट होतं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं. पुढे त्याच योजनेचं नाव भारतनेट झालं. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्यातलं बरंच काम महाआयटी या सरकारी कंपनीने महानेट नावाने केलं. पण पंचायतीच्या दारातून वाडीत तार कोणी न्यायची, बिल कोणी गोळा करायचं आणि तुटल्यावर जोडायला कोणी यायचं, याचा विचार फार उशिरा झाला. मला विचाराल तर घोडं तिथेच अडलं.

आणखी एक गोष्ट. पहिल्या टप्प्यात तालुक्याकडून जुनी केबल जिथवर आलेली होती तिथवर तीच वापरली आणि पुढचा तुकडा तेवढा नवा टाकला. तार एकामागून एक पंचायतींना सरळ रेषेत गेली. मध्ये कुठे तुटली की पलीकडच्या सगळ्या पंचायती बंद. त्यामुळे कित्येक ठिकाणी पेटी आहे, पण दिवा लागत नाही. तुमच्या पंचायतीतली पेटी चालू आहे का, हे आधी स्वतः जाऊन बघा.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट मंजूर केलं, जवळपास १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचं. त्यात दोन बदल मला मोलाचे वाटतात. एक म्हणजे पंचायती रिंगमध्ये जोडायच्या, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सिग्नल येत राहील. दुसरा म्हणजे पाच वर्षांत दीड कोटी घरगुती जोडण्या द्यायच्या. पंचायत नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांनाही मागणी आली तर जोडायचं ठरलं आहे. काम बीएसएनएलच्या देखरेखीखाली चालतं. तुमची वाडी बहुधा वेगळं महसुली गाव नसेल, म्हणून घरगुती जोडणी म्हणूनच मागणी करा.

एकट्या घराने अर्ज करू नका. तीन किलोमीटर तार एका घरासाठी कोणी ओढत नाही, वीस घरांसाठी ओढतो. वाडीत बसा, कोण दरमहा पैसे भरणार त्यांची नावं, मोबाइल नंबर, सह्या घ्या. ग्रामसभेत विषय घेऊन ठराव करून घ्या आणि त्याची प्रत बीएसएनएलच्या तालुक्याच्या कार्यालयात आणि तुमच्या भागात फायबर देणाऱ्या स्थानिक केबलवाल्याकडे, दोन्हीकडे द्या. बऱ्याच गावांत हा केबलवालाच बीएसएनएलचा भागीदार असतो. वाटेत विजेचे किंवा टेलिफोनचे खांब कुठवर आहेत, ओढा कुठे ओलांडायचा, हे कागदावर साधं रेखाटून दिलंत तर सर्व्हेला येणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो.

तीन किलोमीटर जास्त होतात का, असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशोब दाखवा. एक्स्चेंजमधल्या यंत्रातून प्रकाश साधारण अधिक ३ डीबीएम ताकदीने निघतो. डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं माप, वाटेतली घट डीबीत मोजतात; आकडा जितका जास्त उणे, तितका प्रकाश कमी. ३२ घरांना वाटणारा स्प्लिटर त्यातले सुमारे १७ डीबी खातो. फायबर दर किलोमीटरला ०.३५ च्या आसपास खाते, म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत एकूण १२ किलोमीटर धरले तरी त्यांचे चार. जॉइंट आणि कनेक्टरचे दोन धरा. घरात पोचतात उणे २०. घरातली पेटी उणे २७ पर्यंत काम करते. म्हणजे अजून सात डीबीची सवड शिल्लक आहे. या पद्धतीत वीस किलोमीटरपर्यंत तार नेता येते. तेव्हा अंतराची सबब चालवून घेऊ नका.

आणि जोडणी देणाऱ्याला एकच प्रश्न आधी विचारा: तार तुटल्यावर येणार कोण, आणि तो राहतो कुठे? स्पीड किती हे नंतर विचारा. माणूस जर जिल्ह्याच्या गावाहून येणार असेल, तर पावसाळ्यात तो चार-चार दिवस येणार नाही, हे धरून चाला.

प्रश्न: आमच्याकडे फायबर येऊन दोन वर्षं झाली. उन्हाळ्यात छान चालतं. पावसाळा लागला की आठवड्याआड बंद. पेटीवर लाल दिवा लुकलुकतो. फोन केला की एकच उत्तर, ‘जेसीबीने केबल तोडली.’ हे खरं असतं की वेळ मारून नेतात? (एक निवृत्त शिक्षक, ता. राजापूर)

उत्तर: गुरुजी, पुष्कळदा खरं असतं. रस्त्याचं रुंदीकरण, नळपाणी योजनेचे चर, साइडपट्टी साफ करणं, सगळीकडे जेसीबी फिरतो. केबल साधारण १६५ सेंटिमीटर खोल घालायची असते, पण आपल्याकडे फूटभर मातीखाली जांभा किंवा काळा कातळ लागतो. तिथे केबल वरच घालून वरून काँक्रीट किंवा लोखंडी पाइपाचं संरक्षण द्यायचं असतं. ज्या ठेकेदाराने ते दिलं नाही, त्याच्या कामाची फळं पुढे गावाला भोगावी लागतात. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळावं म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप आणलं. तुमच्या पंचायतीने आपल्या हद्दीत चर खणणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला ते वापरायला लावलं तर निम्मा त्रास कमी होईल, असं मी ठामपणे सांगतो.

खांबावरून गेलेल्या तारेचं दुखणं वेगळं. फांदी पडते, माकडं तारेला लोंबकळतात, वाऱ्याने क्लॅम्प सैल होऊन तार खांबाला घासत राहते. गणपतीआधी झाडं छाटताना कोयत्याखाली तार येते, ती तर दर वर्षीची गोष्ट.

आता तुमचा लाल दिवा. त्याच्या बाजूला ‘लॉस’ लिहिलेलं असतं. याचा अर्थ पेटीत प्रकाशच पोचत नाही. पेटीमागची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठे मुडपली आहे का बघा. कपाटामागे दाबली गेली, दारात चिमटली, तरी लाल दिवा लागतो. हिरवं टोक नीट खटकन बसलं आहे का बघा. ते काढलंत तर बोट लावू नका आणि उघड्या टोकात डोळा घालून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला चांगला नव्हे. हे सगळं ठीक असूनही दिवा लाल असेल तर दोष बाहेर आहे. उलट पेटीवरचा ‘पॉन’ लिहिलेला दिवा, म्हणजे प्रकाश पोचतोय हे सांगणारा, स्थिर हिरवा असेल आणि तरी इंटरनेट नसेल, तर तार शाबूत आहे, घोळ एक्स्चेंजमध्ये किंवा बिलात आहे. फोनवर एवढं नेमकं सांगितलंत की समोरच्याला टोलवाटोलवी करता येत नाही.

तोडलेली केबल जोडायला वेळ का लागतो, तेही सांगतो, कारण जोडणाऱ्या पोरांवर लोक फार चिडतात. मीटर लावून तुटलेली जागा किती अंतरावर आहे ते काढायचं. खड्डा खणायचा, त्यातलं पाणी उपसायचं. केबल सोलली की आत केसाएवढ्या काचेच्या तारा: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, अशा बारा रंगांच्या. प्रत्येकीवरचं आवरण काढायचं, स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने सरळ कापायची, मशीनमध्ये समोरासमोर धरायची. ठिणगी पडते, दोन काचा वितळून एक होतात, पडद्यावर ०.०२ असा आकडा आला की जीव भांड्यात पडतो. मग वरून स्लीव्ह चढवून गरम करायची. चोवीस तारांची केबल असेल तर हे चोवीस वेळा. हवेत पावसाचे तुषार असतील तर जॉइंट बिघडतो, म्हणून ताडपत्री बांधून किंवा गाडीत बसून काम करावं लागतं. रात्री दोन वाजता घाटात, बॅटरीच्या उजेडात, गुडघाभर चिखलात हे करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना चहा विचारा, शिव्या देऊ नका. शिव्या ठेकेदाराने काँक्रीट का घातलं नाही यासाठी राखून ठेवा.

तक्रार मात्र नुसती फोनवर बोलून सोडू नका. तक्रार क्रमांक घ्या, तारीख लिहून ठेवा. त्यावर काही झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. बंद असलेल्या दिवसांची बिलातून वजावट मागा, लेखी मागा.

प्रश्न: शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण पडवीत बसलं की पंधराही मिळत नाही. फसवणूक आहे का? (ता. मालवण)

उत्तर: घर चिऱ्याचं असेल. जाड चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडताना वायफाय मरतं, त्यातही ५ गिगाहर्ट्झचं आधी. पेटीला लॅनची वायर लावून लॅपटॉपवर स्पीड बघा. तिथे शंभरच्या आसपास आला तर कंपनीचा दोष नाही. पेटी माजघरात आणा, आणि पडवीत दुसरा साधा राउटर लॅनच्या वायरने जोडा. वीज जाते तिथे बारा व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्याच.

प्रश्न: कंपनीची माणसं माझ्या शेताच्या बांधावर चार खांब रोवू म्हणतात. पुढे जमिनीवर हक्क सांगतील अशी भीती वाटते. (एक शेतकरी, ता. पाटण)

उत्तर: दादा, जमीन तुमचीच राहते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे खाजगी जमिनीत खांब रोवायचे तर मालकाकडे रीतसर मागणी करून करार करावा लागतो, आणि त्या कायद्याखालचे मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून तार-खांब नेण्याचे, नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. खांब उभे राहिले म्हणून कंपनीला जमिनीची मालकी मिळत नाही. तुम्ही नाही म्हणालात आणि सरकारला ते सार्वजनिक हिताचं वाटलं तर पुढची प्रक्रिया कायद्यात आहे. पण तिथवर न जाता बोलून मिटवलेलं बरं. करारात गट नंबर, खांबांची संख्या, बांधावरची नेमकी जागा आणि दुरुस्तीला येताना उभ्या पिकातून जायचं नाही ही अट लिहून घ्या. ट्रॅक्टर वळतो त्या कोपऱ्यात खांब नको, हे जागेवर उभं राहून दाखवा. एवढं झालं की परवानगी द्या, ही माझी कळकळीची विनंती. तुमच्या चार खांबांच्या पलीकडे कोणाची तरी वाडी आहे.

प्रश्न: मी आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलं आहे, पुण्यात नोकरी करतो. गावी येऊन फायबरच्या जोडण्या द्यायचं काम करावं असं वाटतं. यात पोट भरेल का? (वय २६, ता. लांजा)

उत्तर: तुझं पत्र वाचून मला सगळ्यात आनंद झाला, पण हिशोब आधी. भारतनेटमध्ये गावातल्या उद्योजकाला मासिक बिलातला निम्मा वाटा देण्याची पद्धत आहे. सरासरी साडेचारशेचा प्लॅन धरला, कर वेगळा, तर शंभर घरांचे पंचेचाळीस हजार होतात. तुझ्या हाती साडेबावीस. त्यातून पेट्रोल, खांबावर चढायला एक मदतनीस, खांबावरून घरात जाणाऱ्या ड्रॉप केबलचे ड्रम. फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन बऱ्यापैकी घ्यायचं तर पैसे लाखाच्या घरात जातात. म्हणजे शंभर घरांवर पोट जेमतेम भरेल. अडीचशे घरं झाली तर गावात मानाने राहशील. तेवढी घरं एका गावात नसतात, म्हणून आजूबाजूची तीन-चार गावं धरून बघ. ‘५जी आलं की तुला कोण विचारणार’ असं सांगणारे भेटतील. दरीतल्या वाडीत टॉवरची रेंज पोचत नाही, आणि त्या टॉवरला तरी मागून बहुतेक फायबरच लागते.

नोकरी लगेच सोडू नकोस. आधी एखाद्या चालू केबलवाल्याकडे पावसाळ्याचे चार महिने काम कर. जून ते सप्टेंबर टिकलास तर बाकीचं वर्ष सोपं आहे. जोडण्या एकदम वाढवू नकोस. जेवढी घरं तू एका दिवसात पुन्हा चालू करू शकतोस तेवढीच घे, मग पुढची. एका गावातल्या पाच घरांचं इंटरनेट आठवडाभर बंद राहिलं की शेजारच्या गावातली पन्नास घरं तुझ्याकडे येत नाहीत.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेव. प्रत्येक घराचं नाव, कुठल्या स्प्लिटरच्या कितव्या पोर्टवर आहे, जोडताना पॉवर मीटरवर, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजायच्या यंत्रावर, उणे किती आलं, तार कुठल्या खांबांवरून गेली. वर्षभराने कोणाचं उणे १९ चं उणे २५ झालं तर लाल दिवा लागायच्या आत तुला कळेल की कुठे तरी जॉइंटमध्ये पाणी शिरतंय किंवा तार मुडपली आहे. सुरुवात करायची तर एप्रिलमध्ये कर, म्हणजे खांब पावसाआधी उभे राहतील. मशीन घेण्याआधी मला पत्र लिही, जुनं चांगलं कसं पारखायचं ते सविस्तर सांगेन.