पाकिटात तक्रारीची प्रत होती का?

प्रश्न पुण्यातल्या एका गिर्यारोहण मंडळाच्या सचिवांचा आहे. ऑक्टोबरात शनिवार-रविवार धरून मंडळाने ३१ जणांना रतनगडावर नेलं. परतीच्या पावसाने गाठलं आणि विजा कडाडत असताना घाईने उतरताना शिडीवरून एका सभासद ताईंचा पाय घसरला. घोटा मोडला, प्लेट टाकावी लागली. ताईंनी जिल्हा ग्राहक आयोगात पावणेचार लाखांची तक्रार दाखल केली. आयोगाची नोटीस सचिवांच्या घरी आली, आईंनी सही करून घेतली आणि ती तशीच पडून राहिली. सचिव विचारतात, ‘सगळ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर येत असल्याचा फॉर्म भरून दिला होता, मग मंडळ जबाबदार कसं? पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे, तोवर काय तयारी करू?’

सचिव महोदय, फॉर्मचं नंतर बघू. दोन महिने तुमच्या हातात नाहीत. नोटीस घरी आल्याची जी तारीख तुम्ही कळवलीत, तिच्यावरून मोजलं तर आज ३४वा दिवस आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे लेखी जबाब ३० दिवसांत द्यावा लागतो. आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. ४५च्या पुढे एक दिवसही वाढवण्याचा अधिकार आयोगाला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी दिला. तो जुन्या कायद्याखालचा असला तरी नव्या कायद्यातली मुदत तीच आहे. सुनावणीची पुढची तारीख आणि जबाबाची मुदत यांचा काडीचा संबंध नाही. दर पावसाळ्यानंतर मंडळांचे असे प्रश्न येतात आणि बहुतेक सगळे याच गैरसमजात असतात. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावावा असंही हाच कायदा सांगतो, प्रत्यक्षात वर्षं जातात. त्या दिरंगाईचा मला संताप येतो, पण तिचा फायदा तुम्हाला मिळणार नाही. मुदत चुकली की तुमची बाजू कागदावर येतच नाही. कायद्याच्या मुद्द्यांवर युक्तिवाद कदाचित करू देतील, पण त्या दुपारी गडावर काय झालं हे फक्त समोरच्यांच्या शपथपत्रातून ठरेल.

आता ते पाकीट शोधा. आत नुसती नोटीस होती की सोबत तक्रारीची प्रतही होती, ते पाहा. त्याच निकालाप्रमाणे मुदत मोजायची ती तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्या दिवसापासून. प्रत नसेल तर आजच लेखी अर्ज देऊन प्रत मागा, अर्जाची पोच घ्या आणि पाकीट जपून ठेवा. प्रत असेल तर आईंनी सही केली तो पहिला दिवस धरूनच चाला. घरातल्या सज्ञान माणसाने घेतलेलं टपाल ‘मला मिळालंच नाही’ असं म्हणून सुटका होणं अवघड आहे. तारखेची शंका असेल तर पोस्टाच्या संकेतस्थळावर पाकिटावरचा क्रमांक टाकून नोंद काढा.

३० दिवस उलटलेत, म्हणून जबाब आणि उशीर माफीचा अर्ज एकत्रच दाखल करा. नुसता मुदतवाढीचा अर्ज देऊन हुकमाची वाट पाहत बसलात तर उरलेले ११ दिवस त्यातच जातील. उशिराचं कारण खरं तेच लिहा. सोबत शपथपत्र लागेल. मंडळ नोंदणीकृत असेल तर तुम्हाला अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठरावही जोडा. ४१व्या-४२व्या दिवशी पोच हातात असली पाहिजे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर काय, हा वाद ओढवूनच घेऊ नका.

आता फॉर्म. ओल्या कातळावर पाय घसरण्याचा धोका सभासदाने पत्करला, इतपत तो कामाला येईल. नेत्याच्या निष्काळजीपणावर तो पांघरूण घालेल असं मी म्हणणार नाही. तक्रारीचा रोख वेगळा असणार: विजा होत असताना लोखंडी शिडीवरून माणसं उतरवली कशाला? जबाबात याचंच उत्तर हवं. पहिला गडगडाट किती वाजता झाला, तेव्हा पुढची आणि मागची माणसं कुठे होती, शिडीच्या वरच्या गुहेत थांबणं शक्य होतं का, नसेल तर का नाही, दोर लावला होता का, ३१ जणांमागे नेते किती होते, हे सगळं वेळेसकट लिहा. हवामान खात्याने त्या जिल्ह्यासाठी शुक्रवारी पिवळा इशारा दिला होता की नारिंगी, आणि तो पाहून बेत का बदलला नाही, हा प्रश्न येणारच. गटावरचे त्या दोन दिवसांचे संदेश पुसू नका, गैरसोयीचे असले तरी. सोबतच्या दोघा-तिघांची शपथपत्रं आत्ताच तयार ठेवा.

‘आम्ही नफा घेत नाही’ हे एकटं वाक्य पुरणार नाही, कारण माणशी १,८५० रुपये घेतलेत. कायद्याने वगळली आहे ती मोफत सेवा. पण बस, जेवण, मुक्काम यांचा खर्च निव्वळ वाटून घेतला असेल आणि नेत्यांनीही तेवढीच वर्गणी भरली असेल, तर मुद्दा मांडण्याजोगा आहे. सगळी बिलं जोडा. आयोग तो कितपत मानेल हे आज सांगता येणार नाही. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली नसेल तर तसं खरं सांगा, लपवू नका.

मंडळाने अपघात विमा काढला असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा, तेही याच आठवड्यात. तक्रार अपघातानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झाली आहे का, तेही तपासा. ताईंशी तडजोड करायची इच्छा असेल तर कलम ३७ खाली मध्यस्थीची सोय आहे आणि अशा प्रकरणात ती मला योग्य वाटते. मात्र बोलणी सुरू आहेत म्हणून जबाब थांबवू नका. आधी जबाब दाखल करा, मग ताईंना भेटायला जा.