स्लीव्हनंतर वजन पुन्हा वाढलं, आता बायपास करू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१९ मध्ये स्लीव्ह झाली, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करायचं वजनाचं ऑपरेशन, तेव्हा वजन ११२ किलो, उंची १५८ सेंटीमीटर. दीड वर्षात ७४ वर आलात आणि आज पुन्हा ९६. रात्री छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येतं म्हणून उशांचा ढीग करून झोपायचं, रोज पॅन्टोप्राझोल, ही ॲसिडची गोळी. ज्या सर्जनना दाखवलं ते म्हणाले, "मिनी बायपास करून टाकू, पुढच्या महिन्याची तारीख घ्या." बायपास म्हणजे जठराची पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडणं. घरचे म्हणतात, एवढा पैसा घातला आणि पुन्हा तेच. तुम्ही विचारताय, करू की नको.

माझं मत आधीच सांगते. तारीख आत्ता घेऊ नका. ऑपरेशन नकोच, असं मी म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या स्लीव्हचं पुढे बायपास झालं आणि ते करून घेतलं याचं मला समाधान आहे. पण तुमची दुखणी दोन आहेत, वजन आणि जळजळ, आणि दोन्हींचं कारण अजून कुणी शोधलेलं दिसत नाही. ते हातात आल्याशिवाय कुठलं ऑपरेशन करायचं हे कुणालाच ठरवता येणार नाही.

पहिली गोष्ट, तुमची स्लीव्ह वाया गेली असं घरच्यांना म्हणू देऊ नका. सर्जन ज्या पद्धतीने मोजतात तसं मोजून बघा. तुमच्या उंचीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ धरला तर साधारण ६२ किलो. म्हणजे जादा वजन होतं ५० किलो आणि त्यातलं ३८ उतरलं. निम्म्याच्या वर उतरलं की निकाल चांगला धरतात, तुमचं तीन चतुर्थांश उतरलं होतं. नंतर थोडं परत येणं जवळजवळ सगळ्यांच्याच नशिबी असतं. तुमचे २२ किलो परत आले, हे जास्त आहे आणि त्यावर उपचार व्हायलाच हवेत. पण ज्यांचं मुळात उतरलंच नाही, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे शंका पहिल्या ऑपरेशनवर जाते. तुमच्या बाबतीत ऑपरेशनने काम केलं आणि नंतर काहीतरी बदललं.

काय बदललं ते आठवून कागदावर लिहून काढा. थायरॉइड? स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शनं? डिप्रेशनची किंवा झोपेची औषधं? इन्सुलिन सुरू झालं का? पाळी जायला आली का? यातली काही औषधं सरळ वजन वाढवतात आणि ती बदलता येतात. आणि कृपा करून "माझ्यातच जिद्द नाही" हे वाक्य मनातून काढा. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. लठ्ठपणा हा उलटणारा आजार आहे. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली तर आपण पेशंटला गुन्हेगार ठरवत नाही.

आता तपासण्या. सगळ्यात आधी जुन्या हॉस्पिटलमधून ऑपरेशन नोट्स मिळवा. डिस्चार्ज कार्डावर फक्त ऑपरेशनचं नाव असतं. नळी किती रुंद ठेवली, हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकणं, दिसला होता का, तो शिवला का, हे नोट्समध्ये सापडतं. लेखी अर्ज द्या. मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं असा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत नियम आहे. मात्र त्याच नियमावलीत रेकॉर्ड जपण्याची मुदत ३ वर्षांचीच आहे, त्यामुळे तुमचं अजून असेलच असं नाही. उद्याच फोन करा. ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि जे हे वाचतायत, त्यांनी आपली प्रत आजच घेऊन ठेवावी.

मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, ही टाळायचीच नाही. इतकी वर्षं जळजळ असेल तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज किंवा जखमा आहेत का आणि बॅरेट्स म्हणतात तो अस्तरातला बदल झालाय का, हे डोळ्यांनी बघून, गरज पडली तर तुकडा तपासायला पाठवून कळतं. बॅरेट्समध्ये पुढे कॅन्सरचा धोका असतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवावं लागतं. स्लीव्हनंतर जळजळ होणं नेहमीचं आहे, पण म्हणून नुसत्या गोळीवर वर्षानुवर्षं काढणं योग्य नाही.

तिसरी बेरियमची तपासणी. माझ्या वेळी एक्स-रेच्या फळीला पाठ टेकवून उभं केलं आणि खडूसारखं पांढरं दाट पाणी एकेक घोट प्यायला लावलं. समोरच्या पडद्यावर ते उतरताना दिसत होतं. केळ्याएवढ्या सरळ नळीत जायच्या ऐवजी ते वरच्या बाजूला एका फुग्यात साचलं, मग हळूहळू खाली गेलं, आणि मला आडवं केल्यावर पुन्हा अन्ननलिकेत चढलं. जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकला होता, म्हणजे हायटस हर्नियाच. तोवर मला प्रत्येक जण "तिखट कमी खा" एवढंच सांगत होता. तुमच्या नळीतही मध्ये पीळ किंवा अरुंद जागा असू शकते, वरचा फुगा राहिलेला असू शकतो, किंवा सगळं अगदी जागेवर असू शकतं. या तिन्ही गोष्टींना उपाय वेगवेगळे आहेत. चित्र स्पष्ट नसेल तर २४ तासांची पीएच तपासणी (ॲसिड किती वर चढतं ते मोजायला) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजायला) सांगतात.

रक्ताच्या तपासणीत बी१२, डी, फेरिटिन (लोहाचा साठा), कॅल्शियम, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) हे सगळं आत्ताच करून घ्या. स्लीव्हनंतरच कमतरता असेल तर बायपासनंतर ती वाढणार. आधी भरून काढावी लागते.

आता मिनी बायपासबद्दल. ऑपरेशन वाईट नाही, आपल्याकडे खूप होतं आणि वजन व साखर दोन्हींवर चांगलं चालतं. पण त्यात आतड्याचा जोड एकच असतो, त्यामुळे पित्त आणि पाचकरस जठराच्या पिशवीच्या तोंडावरूनच पुढे जातात. काहींना त्याचाच उलटा प्रवाह होतो आणि पित्ताच्या जळजळीवर ॲसिडच्या गोळीचा फारसा उपयोग नसतो. ज्या बाईची मुख्य तक्रारच रात्रीची जळजळ आहे, तिला एंडोस्कोपीविना हे ऑपरेशन सांगणं मला पटत नाही. रू-एन-वाय बायपासमध्ये पिशवी अगदी छोटी, साधारण ३० मिली, आणि पित्त बरंच पुढे खाली येऊन मिळतं, म्हणून ते वर चढत नाही. स्लीव्हनंतरच्या हट्टी जळजळीवर बहुतेक अनुभवी सर्जन हेच सुचवतात, हर्निया असेल तर त्याच वेळी शिवतात. माझं हेच झालं. जळजळ गेली, आडवं झोपता येतं. पण वजन पहिल्या वेळेसारखं उतरलं नाही, आणि ते तसं उतरणार नाही हे माझ्या सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. रिव्हिजनमध्ये, म्हणजे अशा दुसऱ्या ऑपरेशनमध्ये, बहुतेकांचं पहिल्यापेक्षा कमीच उतरतं.

दुसरी अडचण तुमच्या शाकाहाराची. मिनी बायपासमध्ये छोट्या आतड्याचा साधारण दीडशे ते दोनशे सेंटीमीटर भाग बाजूला टाकतात, काही जण त्याहून जास्त. आतड्याची लांबी माणसागणिक वेगळी असते, कुणाची चार-पाच मीटर, कुणाची सात-आठ. एकूण लांबी न मोजता ठरलेला आकडा टाकला तर एखादीला प्रथिनं कमी पडून पायांवर सूज येते. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. तुम्ही अंडंही खात नाही, तर रोजचा हिशोब कसा बसणार हे आहारतज्ज्ञांकडून तारखेच्या आधी लिहून घ्या. नळी पुन्हा अरुंद करायचा प्रस्ताव कुणी दिला तर जळजळ असताना तो घेऊ नका, आतला दाब आणखी वाढतो.

धोक्याचं सरळ सांगते. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पहिल्याचे व्रण असतात, यकृत आणि जठर एकमेकांना चिकटलेलं असतं. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, जोड अरुंद होणं, हे पहिल्यापेक्षा जास्त होतं. म्हणून सर्जनना विचारा की स्लीव्हचं बायपास असं त्यांनी स्वतः किती वेळा केलंय, गळती झाली तर रात्री आयसीयूत कोण असतं, आणि दोन वर्षांनी फॉलोअपला कोण बघतं. या प्रश्नांनी चिडणारा सर्जन सोडून द्या. आणि दुसरं मत ज्यांच्याकडे घ्याल ते वेगळ्या हॉस्पिटलचे असू द्या.

इंजेक्शनांचं तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. टिर्झेपटाइड, म्हणजे माउन्जारो, भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही जून २०२५ मध्ये. स्लीव्हनंतर परत आलेल्या वजनावर ती आता अनेक ठिकाणी ऑपरेशनच्या आधी वापरून बघतात. तुमच्या तपासण्यांत नळी नीट निघाली आणि जळजळ किरकोळ ठरली, तर हा रस्ता आधी चालून बघण्यासारखा आहे. पण इंजेक्शनं बंद केली की वजन बहुधा परत येतं, खर्च महिन्यामागून महिना चालू राहतो, आणि जठर सावकाश रिकामं होत असल्याने जळजळ वाढूही शकते. हर्निया त्याने शिवला जात नाही. पँक्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) झालेला असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पुढे ऑपरेशन ठरलं तर इंजेक्शन चालू आहे हे भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं.

खाण्याबद्दल उपदेश करत नाही, एकच करा. आठवडाभर जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहा. स्लीव्हमध्ये भाकरी-भाजी थोडक्यात पोट भरवते, पण चहात बुडवलेली खारी, शेव, चिवडा, साबुदाण्याची खिचडी नळीतून अलगद खाली उतरते आणि पोट भरल्याचं कळतच नाही. माझ्या वहीत दुपारी चार ते संध्याकाळी सातचा रकाना सगळ्यात लांब निघाला होता. ही वही आहारतज्ज्ञांना दाखवा. कुठल्याही ऑपरेशननंतर हा रकाना तुमच्यासोबतच येणार आहे.

विम्याचं थोडक्यात. सध्याच्या नियमांत बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह, अशी अट असते. तुमचा आज साडेअडतीस आहे, म्हणजे नुसत्या वजनावर क्लेम बसणार नाही. जळजळ आणि हर्नियासाठीचं ऑपरेशन म्हणून काय मान्य होईल, हे टीपीएकडून, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीकडून, आधी लेखी घ्या.

बायपास झालंच तर मिश्री, तंबाखू, सिगारेट कायमची बंद, आणि गुडघा दुखला म्हणून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, जोडावर अल्सर होतो. बी१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. नंतर कधी उलट्या थांबेनाशा झाल्या आणि गावच्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली, तर ग्लुकोजच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) द्या असं घरच्यांनी सांगायचं. हे वाक्य माझ्या मोबाइलच्या मागे चिठ्ठीवर लिहून लावलेलं आहे, कारण थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

या सगळ्यात महिना-दोन महिने जातील, त्याने तुमचं काही बिघडत नाही. फक्त घास अडकायला लागला, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. एंडोस्कोपी आणि बेरियमचे रिपोर्ट आले की नाव झाकून इथेच टाका, मी वाचते आणि कुठल्या शंका सर्जनना विचारायच्या ते आपण मिळून काढू.